सह्या ताज्या करायचा दिवस

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. नाहीतर तुम्ही उगाच बँकेला शिव्या घालाल, आणि मीही तुमच्या सुरात सूर मिसळून मोकळी होईन. तेवढी लबाडी माझ्यात आहे.

माझा दादा घड्याळं दुरुस्त करायचा. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, एका बाजूला चांभार आणि दुसऱ्या बाजूला चावीवाला, यांच्या मधोमध त्याचं दुकान. दुकान म्हणजे काय हो, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. पण चाळीस वर्षं त्याने तिथे काढली. वहिनी गेल्यावर तो माझ्याकडे राहायला आला, तरी सकाळी नऊ म्हणजे नऊला दुकानात. मी म्हणायची, "अरे, आता तरी जरा निवांत बस की." तर म्हणायचा, "निवांतच असतो मी तिथे. घरी तू असतेस."

गेली सहा-सात वर्षं त्याचा उजवा हात थरथरायचा. चहाचा कप उचलला की बशी वाजायची. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं, आणि मी मदतीला गेले की पाठ फिरवायचा. पण गंमत बघा. दुकानातल्या टेबलाशी बसला, दोन्ही मनगटं कडेवर टेकली, डोळ्याला भिंग लावलं, की तोच हात गप्प. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायचा आणि ती जराही हलायची नाही. मी डॉक्टरांना विचारलं, हे काय गौडबंगाल आहे? ते म्हणाले, "असतं असं काहींचं. सवयीची जागा, सवयीचं काम. जोवर करताहेत तोवर करू द्या. बंद झालं की मग हात पुन्हा बसणं कठीण." म्हणजे दुकान हेच त्याचं औषध होतं. हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी केलं ते केलंच.

आता पतसंस्थेबद्दल सांगते. आमच्या रस्त्यावरच्या कारागिरांनी मिळून काढलेली छोटीशी पतसंस्था, पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत. सेक्रेटरी तोच बाइंडर. त्याच्या बोटांना कायम डिंक लागलेला, म्हणून सगळे त्याला डिंकच म्हणायचे. स्वभावही तसाच, एकदा चिकटला की सुटत नाही. आत एक लोखंडी कपाट, एक लांब बाक, चार स्टुलं, आणि खालून वर येणारा खळीचा वास. एवढाच काय तो थाट.

त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या दिवशी, प्रत्येक सभासदाने एका जाडजूड वहीत नव्याने सही करायची. याला म्हणायचं सह्या ताज्या करणं. प्रत्येकाचं वेगळं पान, एकाखाली एक सह्या, शेजारी साल. म्हणे फार पूर्वी चांभाराच्या वडिलांचा अंगठा काम करताना चिरला होता, सही बिघडली, आणि बाहेरच्या एका बँकेने त्यांचेच पैसे त्यांना दिले नव्हते. त्यावरून या लोकांनी ठरवलं की माणूस दरवर्षी थोडा बदलतो, तर त्याची सहीही दरवर्षी बघून घ्यायची. सभा सकाळी दहाला सुरू व्हायची आणि सह्या संपेपर्यंत जेवायची वेळ टळून जायची. दादाची पाळी आली की डिंक म्हणायचा, "सावकाश रे. पुढच्या वर्षीपर्यंत वेळ आहे तुला." आणि सगळे हसायचे. दादा सर्वांत जास्त.

मला मात्र हे सगळं पोरकट वाटायचं. मी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेली. माझं अक्षर बघून मुख्याध्यापक म्हणायचे, छापल्यासारखं आहे. अख्ख्या रस्त्याचे फॉर्म मी भरून द्यायची. त्यामुळे दादाबरोबर गेले तरी त्या सभेत मी नाक मुरडून खिडकीशी बसायची, मासिक चाळत. संस्था आहे की बालवाडी, असं मनात म्हणायची. मनात कसलं, एक-दोनदा मोठ्याने पण म्हणाले.

डिंकाचं आणि माझं फाटलं ते माझ्या मुलावरून. मुलाला शिकायला परदेशी जायचं होतं, त्यासाठी मी पतसंस्थेत कर्ज मागायला गेले. डिंक म्हणाला, "मुलाला घेऊन या. त्याच्यासाठी घेताय तर त्याच्याशी दोन शब्द बोलू द्या." मुलगा म्हणाला, "आई, मी काय त्या बाइंडरला मुलाखत देऊ?" मी डिंकाला सांगितलं, तो फार कामात आहे. डिंक म्हणाला, "मग कामातून मोकळा झाला की या." आणि हे चांभार, चावीवाला, सगळे बाकावर बसलेले असताना! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिथून उठले ती थेट मोठ्या बँकेत गेले. काचेचं दार, गार हवा, हातात नंबराची चिठ्ठी. चार दिवसांत काम झालं. मुलाचं तोंड बघायचंय असं कोणी म्हणालं नाही. मला तर तेव्हा तो मानच वाटला हो. काही विचारत नाहीत म्हणजे केवढा विश्वास! विचारत नव्हते कारण त्यांना आमच्याशी देणंघेणंच नव्हतं, हे डोक्यात शिरायला मला फार उशीर लागला.

मग मी दादाच्या मागे लागले. तुझी सगळी पुंजी त्या माळ्यावरच्या खोलीत कशाला ठेवतोस? उद्या बुडाली पतसंस्था की बसशील डिंक चाटत. मोठ्या बँकेत व्याज जास्त, दार काचेचं, बसायला गाद्या. दादा म्हणायचा, "अगं, तीस वर्षांत नाही बुडाली." मी म्हणायची, "बुडायला तीस वर्षं लागत नाहीत." रोज रात्री जेवताना हेच. शेवटी तो कंटाळला. माझ्या घरी राहत होता ना. दोन घास सुखाने खायचे तर माणूस काहीही कबूल करतो.

सभासदत्व सोडायचा अर्ज मीच लिहिला. तो वाचून डिंक जिना उतरून दादाच्या दुकानात आला. मी तिथेच होते. माझ्याकडे न बघता त्याने दादाला विचारलं, "काही चुकलं का रे आमचं?" दादा भिंगातून वर न बघता म्हणाला, "नाही रे. हिच्या मनात आहे." डिंकाने अर्ज घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "बरं," आणि गेला. मला त्या वेळी जिंकल्यासारखं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं खरं.

बँकेत टेबलापलीकडे एक मध्यम वयाची बाई होती, बोलायला अगदी गोड. तिने फॉर्म पुढे सरकवला. तीन चौकटी, माझ्या करंगळीएवढ्या. "काका, इथे, इथे आणि इथे. चौकटीच्या बाहेर जाऊ देऊ नका, स्कॅन होत नाही." पेन दोरीने बांधलेलं, आणि दोरी आखूड. टेबल काचेचं. दादाने हात टेकवला तो काचेवरून घसरला. पहिली सही चौकट ओलांडून थेट पत्त्यावर गेली. "काही हरकत नाही, दुसरा घ्या," बाई म्हणाल्या. दुसऱ्या फॉर्मवर पहिली चौकट जमली, दुसरीत पेन अडकलं आणि कागद फाटला. मागे रांग. कोणीतरी नाकातून मोठा श्वास सोडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी, जिने अख्ख्या रस्त्याचे फॉर्म भरले, तिचा भाऊ इथे सगळ्यांसमोर पहिलीतल्या पोरासारखा खाडाखोड करतोय!

बाईंनी तिसरा फॉर्म ठेवला आणि कागदांच्या झेरॉक्स काढायला आत गेल्या. दादा हात विजारीवर पुसत होता. बोटं मिटत होता, उघडत होता. मी फॉर्म माझ्याकडे ओढला आणि त्याची सही ठोकून दिली. तिन्ही चौकटींत. त्याची तरुणपणीची सही, ऐटदार, शेवटची रेघ वर वळलेली. वर्षानुवर्षं त्याच्या पावत्या मीच लिहायची, मला ती पाठ होती. अर्ध्या मिनिटाचं काम. दादाने माझ्याकडे बघितलं. बाई आल्या, म्हणाल्या, "अरे वा, जमली की काका!" मी म्हणाले, "जमणार नाही तर काय."

पायऱ्या उतरताना दादा म्हणाला, "छान आली सही. माझी अशीच यायची पूर्वी." मी आपली खूश. मला वाटलं, कौतुक करतोय.

दीड वर्ष काही झालं नाही. पैसे मुदतीत ठेवलेले, त्यांना हात लावायचं कारण नव्हतं. मग दुकानाचे मालक वारले. त्यांची मुलगी एका दुपारी दुकानात आली, मी दादाचा डबा घेऊन गेले होते तेव्हा. बिचारी उभ्यानेच बोलली. म्हणाली, "काका, भाऊ सगळं विकायला निघालेत. तुमच्या गाळ्यासाठी मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण मागे लागलाय. पण मी सांगितलं, पहिला हक्क काकांचा. येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी दुपारपर्यंत पूर्ण रक्कम दिलीत तर गाळा तुमचा. त्यापुढे मला भावांना थोपवता येणार नाही." आकडा सांगितला. दादाच्या मुदतठेवीतून भागून वर थोडे उरतील असा.

ती गेल्यावर दादाने डबा उघडलाच नाही. दुकानात चहूकडे असं बघत होता, जणू आजच पहिल्यांदा आत आलाय. म्हणाला, "चाळीस वर्षं भाडं भरलं गं. आता मालक होणार मी." आणि हसला, तोंडभर. वहिनी गेल्यापासून मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पैसे काढायला तो एकटाच गेला. मला सांगितलंच नाही. सोमवारी गेला, मंगळवारी परत गेला, बुधवारी परत. संध्याकाळी जेवताना सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "सही जुळत नाही म्हणतात." मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस? आण ती स्लिप, मी करते सही, घेऊन जा." तो म्हणाला, "आता तसं नाही चालणार. तीनदा चुकली म्हणून खात्यावर खूण केलीय. त्यांच्यासमोर करायची म्हणतात." मग म्हणाला, "आणि मला माझ्या दुकानाचे पैसे माझ्या सहीने काढायचे होते."

मी ताट सरकवून उठले.

गुरुवारी दोघं गेलो. दादाने टेबलाशी बसून सह्या केल्या, एक, दोन, पाच. बाई संगणकावर बघायच्या, मान हलवायच्या. कशी जुळेल? पडद्यावर होती ती माझी सही. तो बिचारा माझ्या अक्षराची नक्कल करत होता. माझ्या हाताने काढलेली त्याची तरुणपणीची ऐट, तीच आता त्याला नाकारत होती. शेवटी मला राहवेना. मी म्हणाले, मला मॅनेजरांना भेटायचंय.

मॅनेजर तरुणच, पण माणूस सभ्य. दार लावून घेतलं, पाणी मागवलं. मी सगळं सांगून टाकलं. म्हणाले, "ती सही माझी आहे. मी केली. यांना जमत नव्हती म्हणून. शिक्षा करायची तर मला करा, पण यांचे पैसे द्या." मॅनेजरांचा चेहरा उतरला. हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, हे मी ऐकलं असं धरलं तर मला खातं चौकशी होईपर्यंत बंद करावं लागेल. महिने जातील. म्हणून मी हे ऐकलेलं नाही. तुम्हीही परत कुठे बोलू नका."

"मग करायचं काय?"

"सही बदलायचा अर्ज द्या. सोबत डॉक्टरांचा दाखला, दोन फोटो, अंगठ्याचा ठसा. इथून मुख्य कार्यालयात जाईल. पंधरा कामाचे दिवस."

"आमच्याकडे आठ आहेत. त्यातही शनिवार-रविवार."

"मी लिहीन वरती, तातडीचं म्हणून."

माझा तोल गेला. "अहो, माणूस समोर बसलाय तुमच्या! हात बघा त्याचा, तोंड बघा. ओळखपत्र हातात आहे. हा तो नाही असं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही हो मॅडम. माझी खात्री आहे, हे तेच आहेत." खरंच वाईट वाटत होतं त्यांना. "पण माझ्या खात्रीची नोंद करायला इथे जागाच नाही."

दादा उठला, मॅनेजरांना नमस्कार केला, आणि मला म्हणाला, "चल. यांना कशाला ओरडतेस."

अर्ज त्याच दिवशी दिला. मी रोज बँकेत जाऊन बसायची. बाई मला बघून हळहळायच्या, फोन लावायच्या, फोनवर गाणं वाजत राहायचं. आठवडा असाच गेला. पुढच्या बुधवारी, शेवटच्या शुक्रवारच्या दोन दिवस आधी, मी नाक मुठीत धरून पतसंस्थेचा जिना चढले. दादाला ओढूनच नेलं. दीड वर्षाने त्या पायऱ्या चढत होते. वाटत होतं, डिंक आता चार शब्द सुनावणार, आणि सुनावू दे, माझी लायकीच ती आहे.

डिंक म्हणाला, "या," आणि दोन स्टुलं पुढे सरकवली. बास. एक टोमणा नाही. त्याने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. सगळं ऐकून घेतलं, मग खिडकीतून खाली हाक मारून चांभार आणि चावीवाल्याला वर बोलावलं. कमिटी म्हणजे हे तिघंच. पाच मिनिटांत ठरलं. डिंक म्हणाला, "आज तुला सभासद करून घेतो, उद्या कर्ज मंजूर, शुक्रवारी सकाळी पैसे. तुझे बँकेतून आले की भर परत."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दादा म्हणाला, "नाही. नवीन सभासदाला सहा महिने कर्ज नाही."

"अरे, तू कसला नवीन!" चांभार म्हणाला.

"सोडून गेलो होतो ना? मग नवीनच. आणि तो नियम मी मांडला होता. या बाकावर बसून." खरं होतं ते. पूर्वी एकजण सभासद झाला, महिन्यात कर्ज उचललं आणि गाव सोडून गेला, तेव्हा दादानेच तो नियम करायला लावला होता. "मला मोडून दिलात, तर उद्या दुसऱ्याला नाही कसं म्हणाल?"

"दादा, आत्ता तत्त्वं नकोत रे!" मी अक्षरशः किंचाळले. "दुकान जाईल!"

"जाईल," दादा म्हणाला. त्याचा हात गुडघ्यावर थडथड उडत होता. त्याने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला. "बहिणीने सांगितलं म्हणून मी उठून गेलो. हा विचारायला आला तर वर बघितलं नाही. आता गरज लागली म्हणून यांच्या नियमावरून पाय देऊन जाऊ?"

डिंकाने बराच वेळ समजावलं. चांभाराने तर शिवी पण दिली, प्रेमाने. दादा हलेना. शेवटी त्या तिघांनी आपापल्या खात्यातले, आपल्या नावावरचे, जमतील तेवढे काढले. तेही दादाला न विचारता. डिंक स्वतः मालकाच्या मुलीकडे गेला, म्हणाला, एवढे आज घ्या, बाकीचे पंधरवड्यात. ती रडायला लागली म्हणे. भावांनी पूर्ण रकमेवर अडून बसायचं ठरवलं होतं, आणि कव्हरवाल्याचे पैसे तयार होते. एकूण रकमेच्या निम्मेही नव्हते डिंकाकडे. तो पैसे घेऊन परत आला आणि ज्याचे त्याला देऊन टाकले.

शुक्रवारी दुपारपर्यंत मी बँकेत बसून होते. अकराला बाई म्हणाल्या, अजून काही नाही. साडेअकराला म्हणाल्या, अजून नाही. बारा वाजता त्या माझ्याकडे बघेनात.

दुकान गेलं.

दुरुस्तीला आलेली घड्याळं आम्ही दोघांनी घरोघरी जाऊन परत केली. काही लोकांनी आत बोलावलं, चहा दिला. काहींना आठवतही नव्हतं की घड्याळ टाकलंय. एका म्हातारीने तिच्या नवऱ्याचं घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाली, "चालू केलंत?" दादा म्हणाला, "शेवटचं तेच केलं." डिंक हातगाडी घेऊन आला होता. दादाचं टेबल आम्ही घरी आणलं, माझ्या खोलीच्या खिडकीशी ठेवलं. सकाळचा उजेड चांगला येतो तिथे. मी दिवा आणला, खुर्चीची उंची जुळवली, चिमटे तसेच लावले जसे दुकानात होते.

अर्ज दिल्यापासून बरोबर सतराव्या कामाच्या दिवशी माझ्या फोनवर मेसेज आला. आपली विनंती यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे. आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल धन्यवाद. मी तो दादाला दाखवला नाही. नुसतं म्हटलं, पैसे मिळतील आता. तो म्हणाला, "राहू दे तिथेच. आता कशाला हवेत."

टेबलाशी तो रोज बसायचा. नऊ म्हणजे नऊला. मनगटं त्याच कडेवर टेकायची, भिंग लावायचं. पण हात काही ऐकेना. चिमटा टकटक आपटायचा, स्क्रू उडून खाली जायचे, आणि मी गुडघ्यावर बसून फरशीवर शोधायची. तो म्हणायचा, नवीन जागा आहे, बसेल हळूहळू. तिसऱ्या आठवड्यात चावीवाल्याने त्याचं जुनं घड्याळ मुद्दाम बिघडवून आणून दिलं, मला ते कळलं, दादालाही कळलं असणार. दादा ते घेऊन दोन दिवस बसला. परवा सकाळी त्याने मागचं झाकण तसंच उघडं ठेवलं, भिंग काढलं, आणि म्हणाला, "हे परत देऊन ये. सांग, आता मी काम बंद केलंय."

मी घड्याळ हातात घेतलं आणि तिथेच खाली बसले. इतके दिवस जे विचारायला धजत नव्हते ते विचारलं. "दादा, माझ्यावर रागावलायस ना? बोल तरी. शिव्या घाल. पैसे तिकडे न्यायला मीच लावले."

"पैशाचं काय," तो म्हणाला. "पैसे मी पण नेले. नाही म्हणता आलं असतं मला."

त्याने भिंग डबीत ठेवलं.

"पण त्या दिवशी तू फॉर्म ओढून घेतलास ना," तो म्हणाला, "तेव्हा थांबायला हवं होतंस. माझी सही तिसऱ्यांदा येते. डिंकाकडे पण मी आधी दोनदा कोऱ्या कागदावर करून बघायचो, आणि मग वहीत. तो कागद तयारच ठेवायचा माझ्यासाठी. दरवर्षी. तिसरी बरोबर यायची."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या सभांना त्याच्याबरोबर गेले होते, खिडकीशी बसून मासिक चाळलं होतं, आणि माझ्या सख्ख्या भावाला सही करताना मी एकदाही बघितलं नव्हतं.